फॉर्मातलं पहिलं नाव

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. मगच सांगते. म्हणजे तुम्ही हसणारच, पण निदान कबूल करून हसा. माझ्या सासूबाई या गोष्टीवर अजून हसतात, आणि त्या अशा बाई आहेत की स्वतःच्या मुलाच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हसलेल्या नाहीत.

तर आधी माझा धंदा सांगते, म्हणजे माझा माज समजेल. मी फॉर्म बनवते. कागदी नव्हे, मोबाइलवरचे. जबलपुरात नेपियर टाउनमध्ये एका चष्म्याच्या दुकानावर आमचं सहा माणसांचं ऑफिस आहे. दवाखाने, कोचिंग क्लास, लग्नाचे हॉल, ज्यांना म्हणून लोकांकडून माहिती भरून घ्यायची असते ते जिना चढून आमच्याकडे येतात.

तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं? नाव, वय, पत्ता, झालं. नाही हो! एका माणसाचा फॉर्म कोणीही करेल. खरी कसरत असते ती अख्ख्या घराच्या फॉर्मात. खाली एक बटण असतं, ‘आणखी एक नाव जोडा’. ते दाबलं की तसाच एक कप्पा उघडतो. पुन्हा दाबा, आणखी एक. घरात चार माणसं असोत की चौदा, फॉर्म तेवढा लांब होतो. आणि कप्प्यातले प्रश्न एकमेकांच्या भरवशावर. बसच्या फॉर्मात शहरातला अधारताल भाग निवडला तर अधारतालचेच थांबे दिसायला हवेत, महाराजपुर निवडलं तर महाराजपुरचे. वय साठच्या वर असेल तर ‘पुढची सीट हवी का’ असं विचारायचं, वय सहा असेल तर गप्प बसायचं. याला डोकं लागतं. ते माझ्याकडे आहे, असं मला बारा वर्षं वाटत होतं.

आम्ही मूळचे नागपूरकडचे. सासरे नोकरीसाठी जबलपुरात आले आणि इथलेच झाले. घर अधारतालला, बोलणं अर्धं हिंदीत, आणि दसरा आला की जीव नागपूरला. आमच्या विहारातून दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी दीक्षाभूमीला दोन बस निघतात. त्यांची यादी करायचे मेश्राम काका. वय अठ्ठ्याहत्तर. काखेत एक लांबडं रजिस्टर घ्यायचं आणि अधारतालपासून महाराजपुरपर्यंत एकेक घर करत जायचं. पंधरा दिवस लागायचे, त्यातले दहा चहात जायचे.

यंदा काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी उन्हात फिरायची मनाई केली. मग यादीचं काय करायचं, असा प्रश्न रविवारी वंदनेनंतर निघाला, आणि कोणी काही बोलायच्या आत मी हात वर केला. कोणी विचारलं होतं का मला? नाही. पण माझा हात आपोआप वर जातो, तो आजार जुना आहे.

“काका, आता घरोघरी जायची गरजच नाही,” मी म्हणाले. “एक फॉर्म पाठवते सगळ्यांच्या मोबाइलवर.”

काका हिरव्या पट्टीखालून एका डोळ्यानं माझ्याकडे बघत म्हणाले, “मी जातो तेव्हा घरात कोण काय करून राहिलं, कोणाची तब्येत कशी आहे, ते पण समजते. तुझ्या फॉर्मात ते येईल काय?”

मी हसले. त्याचाही एक रकाना टाकते म्हणाले. आता तो रकाना आठवला की मला माझेच कान धरावेसे वाटतात.

फॉर्म मी एका दुपारी केला. म्हणजे खरं सांगायचं तर केला नाही, उचलला. एका दवाखान्यासाठी बनवलेला सांगाडा पडून होता. पहिल्या कप्प्यात पेशंटचं नाव, पुढच्या कप्प्यांत सोबत येणाऱ्यांची. त्यात मी फार अक्कल चालवून एक नियम घातला होता. पहिल्या माणसानं ‘येणार का?’ याला ‘नाही’ असं उत्तर दिलं, की तो अख्खा अर्ज गुपचूप बाजूच्या पेटीत जाऊन बंद. बरोबरच होतं की! पेशंटच येणार नसेल तर सोबतचे चार जण येऊन डॉक्टरांना काय गाणं म्हणून दाखवणार?

तोच सांगाडा घेतला. ‘पेशंट’ काढून ‘पहिलं नाव’ लिहिलं, थांबे बदलले, वर धम्मचक्राचं चित्र लावलं. तपासला पण, हं! उगाच आळ नको. पहिलं नाव माझं टाकलं, ‘हो’ म्हटलं, खाली चार खोटी नावं जोडली. यादीत पाचही बरोबर आली. मग ती पाचही पुसली, फॉर्म सगळ्यांना पाठवला आणि स्वतःवर खूश होऊन ऑफिसात सगळ्यांना समोसे खाऊ घातले.

लोकांनी भराभर फॉर्म भरले. भरणाऱ्या प्रत्येकाला शेवटी हिरव्या अक्षरात ‘धन्यवाद, आपला अर्ज मिळाला’ असं दिसत होतं. दहा दिवसांनी मी यादी उघडली.

सतरा माणसं.

दोन बसची यादी, आणि माणसं सतरा! त्यात सहा जण मेश्राम काकांच्याच घरचे. उरलेले अकरा कोण, तर बँकेत, कॉलेजात, खासगी कंपन्यांत नोकरीला नवीन आलेली, भाड्याच्या खोल्यांत एकेकटी राहणारी मुलं-मुली. जुन्या घरांपैकी एक नाही.

आता शहाणी बाई काय करेल? दोन घरांत फोन करेल. विचारेल, काय हो, येणार नाही का यंदा? मी काय केलं असेल? मी विश्लेषण केलं. ऑफिसातल्या पांढऱ्या फळ्यावर दोन गोल काढले, एकात नवे, एकात जुने. आणि निष्कर्ष असा काढला की नव्यांचा उत्साह टिकून आहे, जुन्या घरांचा आटला आहे. सगळं आकड्यात दिसत होतं. फोन कशाला करायचा?

पुढचं तर सांगायलाच नको, पण सांगते. त्या रविवारी वंदना झाल्यावर मी उभी राहिले आणि विहारात जमलेल्या लोकांना झाडलं. फॉर्म भरायला दोन मिनिटं लागतात, म्हणाले. जी मुलं काल-परवा या शहरात आली ती भरतात, आणि आपण तीस-चाळीस वर्षं इथं राहणारे, आपल्याला दोन मिनिटं होत नाहीत? आपल्या सासू-सासऱ्यांनी कसे दिवस काढून हे उभं केलं, वगैरे सगळं म्हणाले. मध्येच माझा गळासुद्धा दाटून आला. हे माझं मलाच फार आवडलं.

आणि लोक काय करत होते माहीत आहे? माना हलवत होते! कारण समोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकानं फॉर्म भरलेला होता. प्रत्येकाला वाटलं, हे आपल्याला नाही, शेजारच्याला चाललंय. अधारतालवाले महाराजपुरवाल्यांकडे बघत होते, महाराजपुरवाले अधारतालवाल्यांकडे. एक गृहस्थ तर नंतर येऊन म्हणाले, “दीदी, बहुत सही कहा आपने. लोगों को शर्म आनी चाहिए.” त्यांच्या घरची सात माणसं त्या क्षणी माझ्या बंद पेटीत पडली होती.

मेश्राम काका तेवढे मान हलवत नव्हते. बाहेर चपला घालताना मला म्हणाले, “सतराच? काहून गं? त्या मशीनला कोणाचा राग आला काय?”

मी त्यांना समजावलं की मशीनला राग येत नाही, माणसांना आळस येतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून बसवाल्याला फोन लावला. अनेक वर्षांचा माणूस आहे, पण मी ठसक्यात सांगितलं की यंदा दोन्ही बस नकोत, सतरा सीटांची छोटी गाडी द्या. तो बिचारा दोनदा म्हणाला, मैडम, एक बार पूछ लीजिए सबसे. मी म्हटलं, भैया, पूरी लिस्ट मेरे सामने है. सतरा माणसं, सतरा सीटा, एक जागा वाया नाही! मला वाटलं, असं नियोजन विहारानं आजवर पाहिलं नसेल. ते मात्र खरं होतं.

बुधवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर सासूबाई गच्चीवर. मी वर गेले. त्या कठड्याला टेकून आजूबाजूच्या गच्च्या बघत होत्या.

आमच्याकडे नागपूरला जायचं म्हणजे पांढरे कपडे. त्या संध्याकाळी ज्या गच्चीवर बघावं तिथं पांढरी साडी, पांढरा सदरा, पांढरा कुर्ता. नीळ दिलेल्या साड्या दोरीवर फडफडत होत्या.

“सतरा जणांच्या एवढ्या साड्या?” सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, आई, सणाचे दिवस आहेत, लोक कपडे धुतात.

“पांढरेच धुऊन राहिले?”

मी त्यांना जरा थकल्या आवाजात सांगितलं, की डोळ्यांना दिसतं ते वेगळं आणि आकडे सांगतात ते वेगळं. त्या बोटांवर काहीतरी मोजत खाली उतरल्या. त्या काय मोजताहेत हे विचारायची मला गरज वाटली नाही.

आता येतो शुक्रवार. शनिवारी सकाळी सहाला निघायचं होतं. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून घरी आले होते. सासूबाई विहारात, बायकांबरोबर वाटेतलं खाणं बांधायला. नवरा कामावर. दुपारी दारात वत्सलाकाकू.

वत्सलाकाकू महाराजपुरला राहतात. त्या आणि श्यामराव काका, दोघं दरवर्षी नागपूरला जायची, न चुकता, पुढच्या दोन सीटांवर. काका गेल्या हिवाळ्यात गेले. मुलगी लांब, घरात काकू एकट्या. मी त्यांना पाणी दिलं. त्या विचारायला आल्या होत्या की उद्या महाराजपुरला नेमकं कुठं उभं राहायचं, कारण हे सगळं काकाच बघायचे.

मी मोबाइलवर यादी उघडली. नाव नव्हतंच, मला पाठ होती ती सतरा नावं. तरी शोधल्यासारखं केलं, आणि ऑफिसातला सगळ्यात गोड आवाज काढून म्हणाले, “काकू, तुमचा फॉर्म भरायचा राहिला वाटतं.”

“भरला नं. बाजूच्या सूनबाईकडून भरवला. धन्यवाद लिहून आलं.”

मी म्हटलं, कधीकधी शेवटचं बटण दाबायचं राहून जातं. काकूंनी मोबाइलकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, “यांच्या नावानं पाहा. घरात पहिलं नाव तर यांचंच राहील.”

मला काही कळेना.

“पहिल्यांदा यांचं नाव टाकलं. मग त्यात विचारलं, येणार का. आता खोटं कसं लिहू? नाही लिहिलं. मग ते बटण दाबलं आणि खाली माझं नाव जोडलं. माझ्यापुढं हो लिहिलं.”

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला कळायला आणखी अर्धं मिनिट लागलं, कारण मी तज्ज्ञ आहे. मी ती बाजूची पेटी उघडली, जिला तीन आठवड्यांत एकदाही बोट लावलं नव्हतं. श्यामराव, येणार का, नाही. वत्सला, येणार का, हो. थांबा महाराजपुर. पुढची सीट, हो. आणि सगळ्यावर लाल अक्षरात: अर्ज बंद.

काकूंनी वाकून वाचलं. त्यांना वाचता येतं, नीट वाचता येतं.

“ते नाही येऊन राहिले म्हणून मी पण बंद का, बाई?”

रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्या खरंच विचारत होत्या. नियमच असा असेल, तर आपल्याला माहीत असावा, म्हणून. आणि मग हळूच म्हणाल्या, की यांच्याशिवाय पहिल्यांदा जाऊन राहिली. यंदा नाही गेली तर पुढं मग पाय निघणारच नाही.

मी, जिला नवऱ्यानं ‘तू राहू दे’ म्हटलं की त्याच दिवशी जायचं असतं, त्याच मी हा फॉर्म बनवला होता! ज्यात पहिला माणूस गेला की मागची सगळी माणसं गेली. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी काकूंना आणखी एक पेला पाणी दिलं. पहिला त्यांनी अजून प्यायला नव्हता.

मी पेटीत खाली खाली जात राहिले. घरंच्या घरं होती आत! आमच्या लोकांत घराची यादी सांगायची म्हणजे पहिलं नाव घरातल्या मोठ्या माणसाचं. तो येवो न येवो. रेशनकार्डापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत हीच रीत, मला ती माहीत नव्हती असंही नाही. आणि बहुतेक घरांतली मोठी माणसं आता गर्दीत जात नाहीत, गुडघे धरून घर राखतात. तर प्रत्येक घरानं आधी आजोबांचं नाव मानानं लिहिलं. आजोबांनी प्रामाणिकपणे ‘नाही’ सांगितलं. आणि माझ्या फॉर्मानं प्रत्येक आजोबाला पेशंट समजून सगळं घर रद्द केलं. मेश्राम काकांचं घर वाचलं, कारण काका स्वतः येणार होते. खोल्यांवर राहणारी मुलं वाचली, कारण त्यांच्यावर कोणी मोठं माणूसच नव्हतं. अहो, जुन्यांचा उत्साह कुठला आटला होता? ते बिचारे माझं भाषण ऐकून माना हलवत होते!

आणि पेटीत तिसरा अर्ज आमच्याच घरचा. पहिलं नाव सासऱ्यांचं, येणार का, नाही, गुडघे. खाली सासूबाई, नवरा, मुलगी, सगळे हो. नवऱ्यानं माझ्या शेजारी सोफ्यावर बसून भरला होता. सतरा नावं पाठ असलेल्या बाईला, त्यात आपली सासूच नाही, हे दिसलं नव्हतं.

काकूंना म्हटलं, तुम्ही बसा, काहीतरी करते. आणि फोनाला लागले. चार ट्रॅव्हल्सवाल्यांना फोन केले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बस? एक जण तर हसलाच. पाचवा फोन आमच्या नेहमीच्या बसवाल्याला करायला हवा होता, पण त्याच्याशी मी ज्या ठसक्यात बोलले होते तो ठसका आता घशात अडकला होता. शेवटी लावला. म्हटलं, भैया, बहुत बड़ी गलती हो गई मुझसे. दोन बस कुठूनही मिळवून द्या, मी हात जोडते.

“काहे की गलती, मैडम?” तो म्हणाला. “दोनों गाड़ी तो खड़ी हैं आपकी.”

“पर मैंने तो मना किया था.”

“किया था. फिर मैंने मेश्राम जी को पूछा. वो बोले, बिटिया अभी जोश में है, दो दिन रुक जाओ. परसों उनका फोन आ गया, दोनों पक्की.”

मी फोन ठेवला आणि रडले. काकूंना वाटलं वाईट बातमी आहे. त्यांनी तो पहिला पेला मलाच प्यायला दिला.

संध्याकाळी सासूबाई घरी आल्या, मागोमाग मेश्राम काका, काखेत तेच रजिस्टर. सगळं उघड झालं. बुधवारी गच्चीवरून उतरल्या त्या सासूबाई थेट काकांकडे गेल्या होत्या. ज्या गच्चीवर पांढरे कपडे दिसले त्या घरी फोन, महाराजपुरला काकांच्या सुनेची स्कूटर. सासूबाई विचारायच्या, काका एका डोळ्यानं लिहायचे. पंधरा दिवसांचं काम दोघांनी दोन दिवसांत केलं, ऑपरेशन झालेल्या डोळ्यासकट.

मी विचारलं, “मग मला काहून नाही सांगितलं?”

सासूबाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या, “तुला समजावायला चार दिवस लागले असते. बसवाल्याला एक फोन लागला.”

पण एक सांगते, या दोघांनी विहारात कोणालाही काही कळू दिलं नाही. लोकांना एवढंच माहीत होतं की फॉर्म भरला, आणि मग खात्री करायला फोन आला. एक-दोघांनी तर माझं कौतुक केलं, की मोबाइलवर भरूनसुद्धा मुद्दाम फोन करून विचारता, किती व्यवस्थित काम! मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. भर विहारात मी ज्या लोकांना झाडलं होतं त्यांच्यापुढे मला त्यांनी पडू दिलं नाही. माझ्या आईनंसुद्धा मला इतकं सावरून घेतलं नसतं, असं मला तेव्हा वाटलं, आणि मी त्यांना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, जा, चटणी बांधायची राहिली.

शनिवारी सकाळी अधारतालच्या चौकात पांढरे कपडे घातलेले आमचे लोक आणि दोन बस. मी डब्यांची पोती चढवायला आधीच आत, काका बसच्या दारात रजिस्टर घेऊन उभे. एकेक नाव पुकारायचं, तो चढला की खूण. ज्याचं नाव त्याची सीट, असा हिशेब. पहिली बस भरून पुढं निघाली. आमची दुसरी, तिनं महाराजपुरला थांबून तिथली माणसं घेतली. वत्सलाकाकू चढल्या, पांढऱ्या साडीत, हातात कापडी पिशवी. पुढच्या सीटवर, खिडकीशी बसल्या. मला इतकं बरं वाटलं, की मी चक्क बसच्या मधोमध उभी राहून सगळ्यांना डबे वाटायला लागले. पूर्ण बसभर मीच मी. काका, पाणी हवं का? ताई, खिडकी लावू का?

बस शहराबाहेर पडली. डबे वाटून संपले. आता टेकावं म्हणून बघितलं, तर एकही जागा रिकामी नाही.

“एक माणूस उभं दिसून राहिलं,” काका पुढून म्हणाले. त्यांनी रजिस्टर काढलं, एका डोळ्यानं पान खालीवर केलं. “कोण आहे? नाव पुकारलं नाही काय कोणाचं?”

कोणाचंच राहिलं नव्हतं. मग सगळी बस माझ्याकडे बघायला लागली.

सासूबाईंना विचारलं, आई, तुम्ही माझं नाव नाही दिलं? त्या म्हणाल्या, आमच्या तिघांचं दिलं, तू तर तुझ्या फॉर्मात असशील. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मला वाटलं फॉर्म तुझाच, तू आधीच भरला असशील. आणि मला काय वाटलं होतं? मला काहीच वाटलं नव्हतं. बनवणाऱ्या माणसानं भरायचा असतो, हेच डोक्यात आलं नव्हतं. तपासताना टाकलं होतं तेवढं एक नाव, तेही मीच पुसलं.

म्हणजे त्या शंभर टक्के ऑनलाइन नोंदणीत, बंद पेटीतसुद्धा जिचा पत्ता नाही अशी जबलपुरात एकच बाई होती.

सगळी बस हसत होती. सासूबाई तोंडाला पदर लावून. फोटोत न हसणाऱ्या त्या बाईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

तेवढ्यात वत्सलाकाकूंनी शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मला वाटत होतं, तिथं कोणीतरी बसलेलं आहे आणि डबा घ्यायला मागं गेलंय. काकांनी रजिस्टरमध्ये बोट ठेवून पाहिलं. शुक्रवारी रात्री सासूबाईंनी फोन केला तेव्हा वत्सलाकाकूंनी दोन नावं सांगितली होती, सवयीनं, आधी श्यामराव काकांचं, मग स्वतःचं. सासूबाईंनी विचारलं नाही, काकांनी खोडलं नाही. दोन सीटा धरल्या होत्या.

“ये, बस,” काकू म्हणाल्या. “यांची जागा आहे.”

मला बसवेना. मी म्हटलं, काकू, नको, मी खाली पोत्यावर बसते.

काकूंनी माझा हात धरून मला बसवलं. मग पिशवीतून एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “यांचं उत्तर ‘नाही’ होतं, पण निदान नाव तर होतं. तुझं तर नावच नाही, बाई.”